राज्य सावरले, घर दुभंगले

राजेलोकांची चरित्रे बहुधा जयांच्या हिशेबाने लिहिली जातात. कोणी किती लढाया जिंकल्या, किती मुलूख जोडला, यावरून थोरवी ठरविण्याचा प्रघात आहे. या महिन्यात आम्ही ज्या राजाची ओळख वाचकांस करून देणार आहोत, त्याच्या नावावर मात्र तेराव्या शतकातील युरोपचा एक अत्यंत दारुण पराभव जमा आहे. असे असूनही हंगेरीचे लोक त्यास आपल्या राज्याचा दुसरा संस्थापक मानतात. हा राजा म्हणजे चौथा बेला. त्याने सन १२३५ पासून १२७० पर्यंत राज्य केले. पराभूत राजास असा मान का मिळावा, आणि त्या मानास कोठे उणेपणा राहिला, हे पाहण्यासारखे आहे.

बेलाचा जन्म १२०६ सालचा. त्याचा पिता दुसरा अँड्र्यू हा फार सैल हाताचा होता. मर्जीतल्या सरदारांस त्याने राज्याच्या खालसा जमिनी वंशपरंपरेने वाटून टाकल्या. असंतुष्ट सरदारांनी १२१३ मध्ये राणी गर्ट्रूड हिचा वध केला, तेव्हा बेला अवघा सहासात वर्षांचा होता. पुढे १२२२ मध्ये अमीरउमरावांनी राजाकडून आपल्या हक्कांची सुवर्णमुद्रांकित सनद लिहवून घेतली. पितापुत्रांचे तर कधीच पटले नाही. नायसिया येथील ग्रीक सम्राटाची कन्या मारिया ही बेलाची पत्नी. तिचा त्याग करावयास पित्याने त्यास भाग पाडले. बेलाने थोड्याच काळात तिला परत आणले, आणि बापाच्या कोपापासून बचाव करण्यासाठी उभयतांस ऑस्ट्रियात आश्रय घ्यावा लागला.

अशा रीतीने वाढलेल्या युवराजाच्या मनात एकच निश्चय दृढ झाला, तो हा की, बापाने उधळले ते आपण परत मिळवावयाचे. गादीवर येताच त्याने दिलेल्या जमिनी परत घेण्याचा सपाटा चालविला. दरबारात राजासमोर मोठमोठे सरदार आसनावर बसत असत. बेलाने ती आसनेच जाळून टाकविली. रोजेरियस नावाच्या समकालीन इटालियन धर्मोपदेशकाने लोकांच्या तक्रारींत या गोष्टीचा मुद्दाम उल्लेख केला आहे. जमीन गेल्याचे दुःख मनुष्य एखादे वेळी विसरेल, पण चारचौघांत उभे राहावे लागल्याचे तो विसरत नाही.

याच सुमारास पूर्वेकडे मोंगलांचे वादळ उठले होते. ज्यूलियन नावाचा एक भिक्षू मूळ देशी राहिलेल्या हंगेरियनांच्या शोधार्थ व्होल्गा नदीपर्यंत जाऊन आला होता. दुसऱ्या फेरीत, १२३७ मध्ये, तो मोंगलांच्या स्वारीची वार्ता व त्यांचे धमकीचे पत्र घेऊन परतला. मोंगलांपुढून पळालेल्या कुमन नावाच्या भटक्या जमातीस बेलाने १२३९ मध्ये आपल्या राज्यात जागा दिली. त्यांच्या घोडेस्वारांचा पुढे उपयोग होईल, हा त्याचा हेतू. पण त्यांच्या गुरांनी शेते तुडविली, भांडणे माजली, आणि राजास आपल्यापेक्षा परके प्रिय आहेत असे सरदार उघड बोलू लागले.

मार्च १२४१ मध्ये बातू व सुबुताई यांच्या हुकुमतीखाली मोंगल सैन्य घाट उतरून हंगेरीत शिरले. राजाच्या हाकेस सरदार रेंगाळत आले. कुमनांचा प्रमुख कोतेन हा शत्रूचा हेर असल्याच्या संशयावरून पेश्त येथे त्यास ठार करण्यात आले, तेव्हा त्याचे लोक संतापून लुटालूट करीत दक्षिणेकडे निघून गेले. ऐन प्रसंगी राजाने आणलेले सहायक असे गेले, आणि जे उरले ते मनाने राजाचे नव्हते. दि. ११ एप्रिल रोजी शायो नदीकाठी मोही येथे, गाड्यांचे कडे करून दाटीवाटीने उभारलेल्या छावणीत हंगेरीचे सैन्य कोंडले गेले आणि त्याची चाळण झाली. राजाचा भाऊ कोलोमन प्राणांतिक जखमी झाला. राजा कसाबसा निसटला. आश्रयाच्या आशेने तो ऑस्ट्रियाच्या फ्रेडरिककडे गेला, तो त्या शेजाऱ्याने त्यास अडकवून त्याच्यापासून द्रव्य व पश्चिमेकडील तीन परगणे उकळले. पोप व सम्राट यांस लिहिलेल्या विनवण्याही निष्फळ ठरल्या. हिवाळ्यात डॅन्यूब गोठली, मोंगल पलीकडे उतरले, आणि राजकुटुंब समुद्राकाठच्या क्लिस किल्ल्यावर जाऊन राहिले. तेथे त्याच्या दोन मुली वारल्या आणि मार्गारेट ही कन्या जन्मली. देश संकटातून सुटला तर हे अपत्य देवास वाहू, असा नवस आईबापांनी केला होता.

१२४२ च्या वसंतात मोंगल परत गेले. त्यांच्या खानाचा मृत्यू, दलदलीचा मुलूख, चाऱ्याची टंचाई अशी निरनिराळी कारणे इतिहासकार सांगतात. मागे राहिली ती जळकी गावे व त्यांवर आलेला दुष्काळ. लोकसंख्येचा सहावासातवा भाग नष्ट झाला असे कोणी म्हणतात, तर कोणी याहूनही पुष्कळ अधिक.

बेलाचे खरे मोठेपण येथून पुढे दिसते. आपल्या राज्यात काय पडले व काय टिकले, हे त्याने डोळसपणे पाहिले. मातीचे व लाकडाचे कोट पडले होते. एस्टरगोमचा बालेकिल्ला, सेकेशफेहेरवार नगर व पन्नोनहाल्मा येथील मठ यांसारखी मजबूत तटबंदीची स्थळे टिकली होती. तेव्हा ज्या धोरणाकरिता त्याने सरदारांशी वैर पत्करले होते, तेच त्याने उलटे फिरविले. सरदारांकडून जमिनी हिसकावून घेणारा हाच राजा आता दगडी किल्ला बांधील त्यास जमीन देऊ लागला. झाग्रेबजवळील ग्रादेत्स या वस्तीस त्याने १२४२ मध्येच सनद दिली. पेश्तच्या नागरिकांस डॅन्यूबपलीकडील टेकडीवर वसवून बुदा नगराचा पाया घातला. बाहेरून वसाहतवाले आणले. १२५१ मध्ये यहुदी लोकांस संरक्षणाची सनद दिली. आणि ज्या कुमनांचा नायक त्याच्या प्रजेने मारला होता, त्यांनाच त्याने परत बोलाविले, एवढेच नव्हे तर एका कुमन सरदाराची कन्या एलिझाबेथ ही आपला वडील पुत्र स्टीफन यास करून घेतली. आपला पहिला बेत फसला असे कळून तो टाकून देण्यास, आणि तेही गादीवर बसून, जे धैर्य लागते ते रणांगणावरील धैर्याहून कमी प्रतीचे नव्हे.

राज्य असे उभे राहिले. घराची मात्र तशी स्थिती नव्हती. स्टीफन कर्ता झाला, तेव्हा त्यास अधिकाराचा वाटा हवा होता. धाकटा मुलगा बेला व कन्या ॲना यांच्याकडे बापाचा ओढा अधिक आहे, हे त्यास सलत असे. १२६२ मध्ये डॅन्यूबच्या पूर्वेकडील मुलूख त्यास तोडून देण्यात आला. तरी दोन वर्षांत युद्ध जुंपलेच. ज्या सरदारांस किल्ले व जमिनी देऊन बेलाने बळ आणले होते, तेच आता काही बापाच्या तर काही मुलाच्या बाजूने उभे राहिले. राजाच्या माणसांनी १२६४ मध्ये आपल्याच सुनेस व लादिस्लाव या दोन वर्षांच्या नातवास कैद केले. पुढल्याच वर्षी इशासेग येथे मुलाने बापाच्या फौजेचा पराभव केला. मार्च १२६६ मध्ये डॅन्यूबमधील सशांच्या बेटावरील मठात तह झाला. नवसाची मार्गारेट याच मठात जोगीण होती. बोहेमियाच्या ओटाकार राजाशी विवाह करण्याचे बापाने सुचविले असता, तिने आपले व्रत सोडण्याचे साफ नाकारले होते.

तह झाला तरी मने सांधली नाहीत. लाडका धाकटा मुलगा १२६९ मध्ये वारला, मार्गारेट जानेवारी १२७० मध्ये, आणि त्याच वर्षी ३ मे रोजी स्वतः बेला त्याच बेटावर निवर्तला. अंतकाळी त्याने ओटाकार राजास विनविले की, आपल्या मागे राणीस, ॲनास व आपल्या पक्षाच्या लोकांस आश्रय द्यावा. तो आश्रय आपल्याच मुलापासून हवा होता! ज्याने तारुण्यात बापाच्या भयाने परदेश गाठला, त्याने म्हातारपणी मुलाच्या भयाने परक्याकडे हात पसरावा, याहून करुण गोष्ट ती कोणती?

ज्याने कुमनांशी समेट साधला, त्यास मुलाशी का साधता आला नाही? आम्हास वाटते, शत्रूने केलेला पराभव उघड्या मैदानात होतो, तो नाकारता येत नाही. म्हणून तो मनुष्यास शिकवितो. घरातील पराभव चार भिंतींच्या आत होत असतो. तेथे वडीलपणाच्या मानाखाली तो झाकता येतो, आणि झाकला की शिकणे खुंटते. बापाने आपणास कसे वागविले हे बेलास पक्के आठवत होते. आपण मुलास कसे वागवितो हे त्यास दिसले नाही.

तथापि त्याच्या कामाची कसोटी अखेर लागलीच. १२८५ च्या हिवाळ्यात मोंगल पुन्हा हंगेरीवर चालून आले. या वेळी त्यांस जागोजागी दगडी तट आडवे आले, आणि मोठी हानी सोसून त्यांस परतावे लागले. त्या समयी गादीवर होता तो लादिस्लाव, एकवीस वर्षांपूर्वी आईसह कैदेत पडलेला तोच नातू. आजोबाने ज्याचे बालपण पोळले, त्याचे राज्य आजोबाच्याच किल्ल्यांनी राखले.