तुणतुणे कोठे गेले?

आमच्या विभागाने 2011 साली एका गावच्या मंडपात गोंधळाचे ध्वनिमुद्रण केले. साडेतीन तासांचे, सहा चॅनेलांचे. पहिल्या चॅनेलवर मुख्य गोंधळी, दुसऱ्यावर साथीदाराचा गळा, तिसऱ्यावर संबळ, चौथ्यावर तुणतुणे आणि उरलेल्या दोहोंवर मंडपाच्या दोन कोपऱ्यांतले श्रोते. मुख्य गोंधळी पुढे तीन वर्षांनी वारले. 2016 साली त्यांच्या स्मरणार्थ आम्ही महाविद्यालयात छोटासा कार्यक्रम ठेवला, साथीदार तात्यांना अगत्याने बोलावले आणि लॅपटॉपला दोन स्पीकर जोडून ते ध्वनिमुद्रण लावले. तात्या पंधरा मिनिटे डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘सर, समदं हाय. पर माझं तुणतुणं कुठं गेलं?’’

तुणतुणे खरोखरच नव्हते. तात्यांच्या गळ्यापुढच्या माइकमध्ये झिरपलेली त्याची पुसट सावली तेवढी ऐकू येत होती. मूळ वेव्ह फाइली आम्ही 2013 मध्येच जागेअभावी पुसून टाकल्या होत्या. त्याआधी त्यांचे फ्लॅक या स्वरूपात रूपांतर केले होते, तेही ‘यात काहीच हरवत नाही’ अशी एकमेकांची समजूत घालून. पुढले दोन दिवस कसे गेले ते आम्हांसच ठाऊक.

या लेखाचा विषय तो ‘काहीच हरवत नाही’ हा दावा आहे. मराठीचे अध्यापक असल्या तांत्रिक भानगडीत कशाला पडतात, असे काही वाचकांस वाटेल. आमचे उत्तर असे, की लोकसाहित्याची संहिता आता कागदावर कमी आणि फाइलींत अधिक साठते आहे. हस्तलिखिताचा कागद, शाई व लेखनिकाच्या सवयी यांची चर्चा पाठचिकित्सेत आपण कर्तव्य म्हणून करतो. मग फाइलीच्या स्वरूपाकडे पाठ फिरवण्याचे कारण आम्हांस सापडत नाही.

प्रथम शब्दाचा घोळ. ‘लॉसलेस कॉम्प्रेशन’ यास मराठीत कोणी ‘हानिरहित संक्षेपण’ म्हणतात. साहित्याच्या विद्यार्थ्यास संक्षेप म्हटला की सारांश आठवतो, आणि सारांशात मूळ पाठ परत मिळत नाही. एमपी-थ्री हा असा सारांश आहे: कानाला जे जाणवणार नाही असे त्याला वाटते ते तो टाकून देतो. फ्लॅक, वेवपॅक, ॲलॅक ही मंडळी लघुलिपीच्या जातीची. लिहिले थोडक्यात, वाचले की अक्षर न् अक्षर मूळचे. आम्ही येथे ‘संकोचन’ हा शब्द वापरतो.

हे संकोचन कसे साधते? ओवी ऐकताना यमक येण्यापूर्वीच श्रोत्याच्या मनात ते उमटते. समजा, लेखनिकाला गाणारीची धाटणी इतकी परिचित आहे, की पुढचा शब्द तो स्वतःच अंदाजतो आणि अंदाज चुकेल तेथे फक्त चुकीचे माप लिहून ठेवतो. वाचणाराही त्याच रीतीने अंदाज करणारा असेल, तर अंदाज अधिक चुकीचे माप म्हणजे मूळ पाठ. ध्वनीच्या बाबतीत मागच्या काही नमुन्यांवरून पुढचा नमुना गणिताने वर्तवतात आणि उरलेला फरक लिहितात. फरक बहुधा लहान असतात. लहान आकडे थोडक्या जागेत लिहिण्याची रॉबर्ट राइस यांची युक्ती 1970च्या दशकातली, अंतराळयानांकडून येणाऱ्या माहितीसाठी शोधलेली. आज गोंधळाच्या संबळालाही ती चालते.

येथपर्यंत सारी स्वरूपे एका कुळातली. भेद दिसू लागतात ते चॅनेल वाढले म्हणजे. दोन चॅनेलांच्या संगीतात डावे-उजवे बरेचसे सारखे असते. म्हणून दोन्ही वेगवेगळे लिहिण्याऐवजी त्यांची सरासरी आणि त्यांतील फरक लिहिला तर जागा वाचते, आणि फ्लॅक हे करतो. परंतु चॅनेल तीन ते आठ असतील तेव्हा तो हा विचार सोडून देतो व प्रत्येक चॅनेल स्वतंत्रपणे लिहितो. सहा जण एकाच मंडपात गात असले तरी सहा लेखनिक सहा खोल्यांत बसवल्यासारखे. वेवपॅक व ॲलॅक चॅनेलांच्या जोड्या लावतात, म्हणजे निदान दोघांदोघांची गाठ पडते. एमपेग-4 एएलएस या प्रमाणित स्वरूपात तर एका चॅनेलवरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्याची सोय आहे आणि चॅनेलांची मर्यादा आहे 65,536. इतके गोंधळी महाराष्ट्रात एकाच मंडपात कधी जमले असतील असे वाटत नाही. हे स्वरूप वापरणारे कोणी आम्हांस अजून भेटलेले नाही, हेही येथेच सांगून टाकतो.

बहुचॅनेल संकोचनाचा खरा इतिहास घडला तो डीव्हीडी-ऑडिओच्या निमित्ताने. सहा चॅनेल, सेकंदास 96,000 नमुने, प्रत्येक नमुना 24 बिटांचा. गुणाकार केला की सेकंदाला 1 कोटी 38 लाख 24 हजार बिट होतात. त्या तबकडीची वाचनमर्यादा होती सेकंदास 96 लाख बिट. म्हणजे संकोचन ही तेथे चैन नव्हती, त्याविना तबकडी वाजलीच नसती. शिवाय सरासरी आकार कमी होऊन भागणार नव्हते. संगीताच्या सर्वांत गजबजलेल्या क्षणीही ती मर्यादा ओलांडता कामा नये, अशी अट होती. मेरिडियन कंपनीच्या एमएलपी पद्धतीने ती पाळली. या पद्धतीत चॅनेलांचे परस्परसंबंध गणिताने सोडवून घेतात आणि मग उरलेले लिहितात. तिच्या कर्त्यांत बॉब स्टुअर्ट व पीटर क्रेव्हन यांच्यासह मायकेल गर्झन यांचे नाव येते. हे गणिती गृहस्थ 1970च्या दशकात चोहोबाजूंचा ध्वनी काही थोड्या चॅनेलांत कसा मांडावा या विचारात गढलेले होते. 1996 साली ते निवर्तले, तबकडी बाजारात यायची होती. डीव्हीडी-ऑडिओ पुढे चालली नाही, पण एमएलपी डॉल्बी ट्रूएचडीच्या रूपाने ब्लू-रेच्या चित्रपटांत जिवंत राहिली.

तिची प्रतिस्पर्धी डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ. तिची रचना आम्हां पाठचिकित्सकांस फार ओळखीची वाटते. आत एक साधी, सारांशवजा प्रत असते, जुन्या यंत्रांवरही वाजणारी, आणि सोबत शुद्धिपत्र. शुद्धिपत्र वाचता येणाऱ्या यंत्राला मूळ पाठ मिळतो, इतरांना सारांश. वेवपॅकची ‘हायब्रिड’ रीत हेच दोन स्वतंत्र फाइलींत करते. युक्ती चतुर आहे, पण संग्रहासाठी आम्हांस ती नको वाटते. शुद्धिपत्र हरवलेली पुस्तके ग्रंथालयात किती आहेत, हे कोणत्याही ग्रंथपालास विचारावे.

चॅनेलांचे परस्परसंबंध न पाहणारा फ्लॅक मग मागासलेला ठरतो काय? चित्रपटाच्या ध्वनीत तसे म्हणता येईल. आमच्या मंडपात मात्र गोष्ट निराळी होती. संबळ सगळ्याच माइकांत झिरपत होता हे खरे. पण तीन मीटरवरच्या माइकला त्याचा आवाज सुमारे नऊ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या हिशेबात जवळजवळ 420 नमुने मागे. वाटेत तो बदलतो, माणसांच्या अंगाखांद्यांवरून येतो. हा विलंब हिशेबात न घेता नुसती सरासरी-वजाबाकी केली तर फारसे काही हाती लागत नाही. आम्ही आमचे तेच मुद्रण फ्लॅक, वेवपॅक व ॲलॅक या तिन्हींत घालून पाहिले. आकारात पडलेला फरक इतका किरकोळ, की त्यावरून वाद घालण्याचा आम्हांस संकोच वाटला. मंकीज ऑडिओ व ऑप्टिमफ्रॉग ही मंडळी अधिक घट्ट बांधतात, मात्र उलगडतानाही तितकीच दमतात आणि त्यांना वाचणारी साधने कमी. आकाराच्या तक्त्यांवर चालणाऱ्या वादांत आम्हांस रस नाही तो यामुळे.

आमच्या लेखी महत्त्वाचे प्रश्न दोन. फाइल बिघडली तर ती सांगते का? आणि कोणता चॅनेल कोणाचा, हे तिला माहीत आहे का?

पहिल्याबाबत फ्लॅकने आम्हांस जिंकले. मूळ ध्वनीचा एमडी-5 ठसा तो फाइलीच्या आरंभीच नोंदवतो, शिवाय प्रत्येक लहान तुकड्याला स्वतंत्र पडताळा असतो. पुढेमागे कोणीही उलगडून पाहावे आणि ठसा जुळतो का ते तपासावे. वैदिकांनी संहितापाठाच्या जोडीला पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशी पठणे ठेवली ती याच काळजीने. त्यांनी पाठ राखण्यासाठी तो वाढवला, येथे पाठ आकसूनही पहारा कायम राहतो. साध्या वेव्ह फाइलीत असा पहारा नसतो. ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शिका असंकुचित वेव्हचाच आग्रह धरते हे आम्ही जाणतो. ज्या संस्थांत ठशांची वेगळी नोंदवही ठेवणारा माणूस आहे तेथे तो आग्रह योग्यच. आमच्या विभागात तो माणूस नाही, पद मंजूर होण्याची चिन्हेही नाहीत. वेव्हच्या घरात आणखी एक गैरसोय आहे. जुन्या रचनेत फाइलीला चार गिगाबाइटांची मर्यादा असते. आमचा गोंधळ होता सुमारे 10.9 गिगाबाइटांचा, त्यामुळे यंत्राने त्याचे तीन तुकडे केले आणि एक जोड नेमका आख्यानाच्या मध्यावर पडला.

दुसऱ्या प्रश्नाने आमचा घात केला. सहा चॅनेलांच्या फ्लॅक फाइलीत वेगळी नोंद नसेल तर वाजवणारे साधन त्यास चित्रपटगृहाची मांडणी समजते: पुढचा डावा, पुढचा उजवा, मध्य, मग चौथा खोल गडगडाटाचा, आणि मागचे दोन. हा चौथा चॅनेल स्फोट आणि भूकंपांसाठी राखलेला. सहाचे दोन स्पीकर करताना बहुतेक साधने तो सरळ गाळतात, कारण लहान स्पीकरला गडगडाट पेलत नाही. आमच्या चौथ्या चॅनेलवर तात्यांचे तुणतुणे होते.

तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याने ती फाइल संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. सहा पट्ट्या समोर आल्या आणि चौथीत तुणतुणे जसेच्या तसे, पहिल्या झंकारापासून. एक बिटही हरवला नव्हता. आम्ही तात्यांना फोनवर ते ऐकवले. त्यांनी बराच वेळ ऐकले आणि ‘‘ऱ्हायलंय म्हणजे,’’ एवढेच म्हणाले.

या प्रसंगी फ्लॅकला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. आरएफसी 9639 या क्रमांकाने फ्लॅकचे अधिकृत प्रमाण डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात या प्रसंगाचा विचार स्पष्ट केलेला आहे: चॅनेलांची नोंद शून्य ठेवली की त्यांचा स्पीकरांच्या जागांशी संबंध नाही असे समजावे, बहुपट्टी मुद्रणासाठी ही सोय वापरावी. आम्ही ती नोंद केली नव्हती. दोष आमचा. पण यातून ‘लॉसलेस’ या विशेषणाची मर्यादाही उघडी पडते. ते विशेषण आकड्यांपुरते आहे. कोणता आवाज कोणाचा, कोण कोठे बसले होते, हे आकड्यांत नसते. अक्षरे जपली आणि पाने उलटसुलट बांधली, तर त्या पोथीला अखंड कसे म्हणावे? ॲलॅकमध्ये सहा चॅनेलांचा क्रम मुळातच निराळा, मध्य चॅनेल तेथे पहिला. एका स्वरूपातून दुसऱ्यात जाताना साधनाने क्रम नीट बदलला नाही, तर प्रत्येक बिट शाबूत राहूनही गोंधळी संबळाच्या जागी जाऊन बसेल.

आमचे मत तेव्हा असे, की महाविद्यालयीन विभागांनी आठपर्यंत चॅनेलांच्या मुद्रणासाठी फ्लॅक वापरावा. स्वरूप खुले आहे, प्रमाणित आहे, आणि ते निर्माण करणारी मंडळी उद्या नसली तरी केवळ प्रमाणग्रंथ वाचून कोणीही त्याचा वाचक लिहू शकेल. चॅनेलांची नोंद शून्य ठेवावी आणि कोणत्या चॅनेलवर कोण, हे फाइलीतही लिहावे व शेजारी साध्या मजकुराच्या फाइलीत, मराठीत, पुन्हा लिहावे. नावे पूर्ण लिहावीत. आमच्या जुन्या टिपणात ‘साथीदार’ एवढेच होते. तात्यांचे पूर्ण नाव आम्ही 2016 नंतर घातले, याची लाज वाटते.

एका ठिकाणी मात्र हे मत लटके पडले. मागील वर्षी भारुडाचे मुद्रण दहा चॅनेलांवर झाले, आणि नव्या यंत्राने नमुने 32-बिट फ्लोट पद्धतीने लिहिले. फ्लॅक दहा चॅनेल घेत नाही आणि फ्लोटही घेत नाही. वेवपॅक दोन्ही घेतो, म्हणून ते मुद्रण आम्ही वेवपॅकमध्ये ठेवले आहे. आमच्यातील एकाचे म्हणणे, दोन फ्लॅक फाइली करून नमुने 24 बिटांवर आणावेत, संग्रहाची भाषा एकच असावी. दुसऱ्याचे म्हणणे, आणताना शिखरे कापली गेली तर त्यास लॉसलेस कोणत्या तोंडाने म्हणायचे. तूर्त दोन्ही प्रती ठेवल्या आहेत, आणि डिस्क भरत आली आहे.