१६ कोअर आणि ७२ मिनिटं

गेले दोन शनिवार ऑफिसात गेले, त्यामुळे ब्लॉगवर धूळ साचलीये. आज जरा राग काढतो. (थ्रेड म्हणजे शिवायचा दोरा असं ज्यांना वाटतं, त्यांनीही वाचायला हरकत नाही.)

आमचा एक हिशेबाचा प्रोग्रॅम रोज रात्री चालतो. त्याला ६ तास लागायचे, क्लायंटला तो तासाभरात हवा होता. वरून फर्मान आलं, १६ कोअरचं मशीन घ्या आणि प्रोग्रॅम पॅरलल करा. ६ तास भागिले १६, म्हणजे साडेबावीस मिनिटं! क्लायंट खूश, मॅनेजर खूश. "आरामात होईल" म्हणणाऱ्यांत मीसुद्धा होतो. ओपनएमपीच्या चार ओळी टाकल्या, चालवलं... ११० मिनिटं.

मग बळीचा बकरा शोधणं आलंच. कोड लिहिला होता नुकत्याच लागलेल्या एका मुलीने. "तिने लूप नीट लिहिले नसतील." झालं, लागला निकाल. मी गप्प बसलो.

दुसऱ्या शनिवारी शेवटी कागद-पेन घेतलं. हे खरं तर पहिल्या दिवशी करायचं काम. सुरुवातीला फाइल वाचणं आणि शेवटी निकाल एकत्र करणं, ही दोन कामं एकटाच थ्रेड करतो. जुन्या लॉगमध्ये बघितलं तर दोन्ही मिळून ७२ मिनिटं. उरलेली २८८ मिनिटं १६ जणांत वाटली की १८. एकूण ९०. आणि १६ काय, १६०० कोअर आणले तरी ७२च्या खाली जाता येणार नाही! जीन अ‍ॅमडालने हा मुद्दा १९६७ मध्येच मांडलाय. आम्ही तो परीक्षेसाठी पाठसुद्धा केला होता. (गुस्ताफसनने १९८८ मध्ये त्यावर म्हटलं की जास्त प्रोसेसर मिळाले की लोक प्रश्नही मोठा घेतात. बरोबरच आहे, पण आमचा डेटा रोज तेवढाच.)

मग वरची २० मिनिटं गेली कुठे? इथे मला लेस्ली व्हॅलियंटचं १९९० मधलं बीएसपी मॉडेल आठवलं. काम टप्प्याटप्प्याने करायचं. प्रत्येक टप्प्यात सगळे प्रोसेसर आपापलं काम करणार, एकमेकांना डेटा देणार, आणि सगळ्यांचं आटपल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होणार नाही. लग्नातली पंगतच की! बाकीचे ताक पिऊन बसलेत, पण कोपऱ्यातले काका अजून जिलबीवर आहेत, तोवर कोणी उठायचं नाही. टप्प्याचा वेळ म्हणजे सगळ्यात सावकाश प्रोसेसरचा वेळ, अधिक देवाणघेवाणीचा, अधिक सगळे जमेपर्यंतचा. बस, एवढंच सूत्र.

आमचे काका सापडले. लूपचे १६ सारखे तुकडे झाले होते, पण अवाढव्य खाती सगळी एकाच तुकड्यात. तो थ्रेड राबतोय, बाकीचे १५ वाट बघतायत. शेड्यूल डायनॅमिक केल्यावर वेळ ९२ वर आला. हा बदल कोड रिव्ह्यूमध्ये मलाही सुचला नव्हता, आणि रिव्ह्यू मीच केला होता.

ओपनएमपीशी माझं भांडण नाही. लूपवर एक ओळ टाकली की काम वाटलं जातं, ही सोय मोठीच आहे. पण त्या ओळीकडे बघून वेळेचा काडीचा अंदाज येत नाही, आणि सोयीची सवय लागली की अंदाज करायची सवय सुटते. माझ्या मते ज्या मॉडेलवरून मशीन घ्यायच्या आधी मिनिटं काढता येत नाहीत, ते अर्धंच मॉडेल. यावर आमच्याकडचे सीनियर म्हणतात, "अरे, खऱ्या मशीनमध्ये कॅश असते, मेमरीची बँडविड्थ असते, सगळे अंदाज चुकतात." चुकू देत ना! माझा ९० चा अंदाज २० ने चुकला, म्हणून तर ती २० मिनिटं शोधता आली. साडेबावीस जवळजवळ पाच पटीने चुकलं आणि त्यातून फक्त एका पोरीचं नाव निघालं.

तासाच्या आत यायचं तर फाइल वाचण्याचं कामच वाटून द्यावं लागेल. त्याला तीन आठवडे लागतील. काल रात्री हा सगळा हिशेब मॅनेजरला मेल केला, तिला सीसीत ठेवून. लूप बरोबर होते, अंदाज आपला चुकला, हे पहिल्याच ओळीत लिहिलंय. अजून उत्तर नाही. सोमवारी सकाळी मीटिंग आहे.