कोयता निम्मा, चूल सगळी

दिवाळी सरली की नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्यावस्त्यांवरून जोडपी ऊसतोडीला निघतात. कुणी आपल्याच जिल्ह्यातल्या राहुरी-संगमनेरच्या पाटपाण्याच्या भागात, कुणी थेट कोल्हापूर-कर्नाटकात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता, त्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही, अर्धीच. बायकोच्या श्रमाशिवाय नवऱ्याची किंमत निम्मी, असं इतक्या रोखठोकपणे दुसरा कुठलाही धंदा सांगत नाही.

आणि याच धंद्यात पहाटे तीन वाजता उठते ती एकटी बाई. चूल पेटवते, दिवसभराच्या भाकरी थापते, पाणी आणते, लेकराला उचलते आणि नवऱ्याबरोबर फडात उतरते. तो ऊस तोडतो, ती वाढे छाटते, मोळ्या बांधते. ट्रक आला की डोक्यावर मोळी घेऊन त्याच्यासारखीच फळीवरून चढते. संध्याकाळी दोघं कोपीवर, आपल्या झोपडीत, येतात. तो आडवा होतो, ती पुन्हा चुलीपुढे बसते.

नगरच्या सावेडीतल्या फ्लॅटमध्ये नवरे सांगतात, ‘मी कमावतो, ती घर बघते.’ नोकरी करणाऱ्या बायकोला सांगतात, ‘तुझं ऑफिस सोपं, माझं अवघड.’ या सगळ्या सबबी उसाच्या फडात उघड्या पडतात. तिथं काम एक, कोयता एक, उचल एक, घाम सारखा. तरी चूल तिचीच. म्हणजे घरकामाचा कमाईशी कधी संबंधच नव्हता. पुरुषाला आयतं ताट हवं होतं आणि ते मागण्याचा हक्क त्यानं जन्मानं मिळाला असं धरलं. मी याला लबाडी म्हणते.

बैलगाडीनं ऊस वाहणाऱ्या गाडी सेंटरवरचा गाडीवान रात्र रात्र कारखान्याच्या काट्यावर नंबर लावून ताटकळतो, हे मला ठाऊक आहे. त्याचे हाल खरे आहेत. पण डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक भरतात त्या डोकी सेंटरवर दोघं एकाच वेळी मोकळे होतात, तिथल्या नवऱ्यानं कोणतं कारण द्यावं?

‘पुरुषांना स्वयंपाक येत नाही’ हेही कुणी मला सांगू नये. आमच्याकडच्या सप्ताहात गावभराची आमटी पुरुषच करतात, चुलवणावर, भल्यामोठ्या कढईत. धाब्यावर, हॉटेलात, लग्नाच्या आचाऱ्याकडे पुरुषांचेच हात चालतात. चार लोक कौतुक करणार असतील, पैसे मिळणार असतील तर रस्सा झकास जमतो. घरच्या चुलीपुढे मात्र तेच हात लुळे पडतात. आणि त्या सप्ताहाच्या पंगतीतल्या भाकरी? त्या घराघरातून बायकाच थापून पाठवतात.

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषाची 88. ही 88 देखील घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. बहुसंख्य पुरुष हातच लावत नाहीत. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघात-भरपाईच्या एका निकालात गृहिणीच्या श्रमाला मोल आहे असं ठणकावलं. बाई मेल्यावर न्यायालयात तिच्या कामाची किंमत लागते. जिवंतपणी घरात ती कुणी मोजत नाही.

ऊसधंद्यातही तेच. सहकारी साखरेची सुरुवात याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, 1950 च्या सुमारास झाली. तेव्हापासून दर, कमिशन, वाहतूक, सगळ्यावर भांडणं झाली. संघटना लढल्या आणि जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ पदरात पडली. ती वाढ न्याय्यच होती. पण बाईच्या पहाटेच्या तीन तासांवर कुठल्या बैठकीत कुणी बोललं?

म्हणून माझं मागणं साधं आहे. उचलीच्या कागदावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लागलं पाहिजे आणि निम्मी रक्कम तिच्या खात्यावर गेली पाहिजे. कारखान्यांनी कोप्यांपर्यंत नळाचं पाणी आणलं पाहिजे. आणि नवऱ्यांनो, तुम्हाला कारखान्याची, सरकारची, मुकादमाची कुणाचीच वाट बघायची गरज नाही. या हंगामात पहाटे तिच्याबरोबर उठा, पाणी तुम्ही भरा, एक दिवसाआड भाकरी तुम्ही थापा. कोयता निम्मा-निम्मा चालतो, तशी चूलही चालवा.