जहाजाचा कॉन कोणाकडे?

जहाज चालवण्याशी जोडलेली इंग्रजी क्रियापदे बरीच आहेत. त्यांतल्या ‘कॉन’कडे आपल्या वर्गांत फार कमी लक्ष दिले जाते, आणि हे मला धोक्याचे वाटते. उच्चार ‘ऑन’शी जुळणारा, ऱ्हस्व. ‘कोन’ म्हटले की इंग्रजी कानाला शंकू ऐकू येतो. ब्रिटिश लेखनात शेवटी बहुधा एक ‘एन’ दिसतो, अमेरिकी नौदलाच्या लेखनात दोन. उच्चार दोन्हीकडे एकच.

अर्थाची गल्लत मात्र महाग पडते. ‘स्टिअर’ करतो तो सुकाण्या. चाक त्याच्या हातात. ‘कॉन’ करतो तो हुकूम देणारा. चाकाला स्पर्शही न करता जहाजाची दिशा आणि वेग तो ठरवतो. ब्रिटिश जहाजांवरच्या हिंदी सुकाण्यांना इंग्रजीत ‘सीकनी’ म्हणत. तो शब्द आपल्या ‘सुकाणू’चाच भाऊ. चाक सीकनीचे, हुकूम अधिकाऱ्याचा, ही विभागणी तेव्हाही स्पष्ट होती.

कॅप्टन ब्रिजवर आला म्हणजे कॉन आपोआप त्याच्याकडे गेला, असा समज तरुण अधिकाऱ्यांत हमखास आढळतो. एसटीसीडब्ल्यू संहिता नेमके उलट सांगते. जबाबदारी घेतल्याचे कॅप्टनने स्पष्ट सांगून ते दोघांनाही नीट समजेपर्यंत वॉचवरचा अधिकारीच जबाबदार असतो. पायलट आल्यानेही मास्टर किंवा वॉचवरचा अधिकारी मोकळा होत नाही. म्हणून ‘आय हॅव द कॉन’ हे मोठ्याने म्हणायचे, आणि समोरच्याने ते ऐकल्याचे तितक्याच मोठ्याने सांगायचे.

चाकाचा ताबाही असाच बोलून द्यायला हवा. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ या अमेरिकी युद्धनौकेवर वेगाचे नियंत्रण दुसऱ्या कन्सोलवर देताना सुकाणूचेही तिकडे गेले. हे कोणाच्या लक्षात आले नाही. सुकाण्याला वाटले, सुकाणूच निकामी झाले. नौका ‘अल्निक एमसी’ या टँकरच्या वाटेत वळली आणि १० नौसैनिक गेले.

हुकूम उच्चारण्याची रीत आयएमओने २००१ मध्ये स्वीकारलेल्या प्रमाण वाक्प्रयोगांत आहे. कोर्सचे आकडे सुटे म्हणायचे: ‘वन एट टू’. सुकाणूचा कोन मात्र अखंड: ‘पोर्ट फिफ्टीन’. सुकाणू साधारणतः ३५ अंशांपलीकडे वळत नाही, त्यामुळे तिथे ‘फिफ्टी’शी घोळ व्हायला वाव नसतो. सुकाण्याने प्रत्येक हुकूम परत म्हणायचा आणि तो बरोबर पाळला गेला का, हे अधिकाऱ्याने पाहायचे. मराठी वळणाचा उच्चार याच्या आड येत नाही, पुटपुटणे येते.

प्रशिक्षकांना विनंती आहे. सिम्युलेटरवर सराव चालू असताना मध्येच विचारा, ‘आत्ता कॉन कोणाकडे?’ दोन कॅडेटांची उत्तरे वेगळी आली, तर सराव तिथेच थांबवा आणि ताबा देण्याघेण्यापासून पुन्हा सुरू करा.