गोष्टीतून वाद्यांची ओळख

मैत्रिणींनो, ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? गणपतीच्या मांडवातला, सिनेमातली गाणी म्हणणारा! पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातला ऑर्केस्ट्रा वेगळा. तिथे साठ-सत्तर वादक एका वेळी वाजवतात आणि बहुतेक वेळा शब्द नसतातच. आपल्यालाही ते पटकन उमगत नाही, तिथे पाच-सहा वर्षांच्या लेकराचं काय? दहाव्या मिनिटाला ते चुळबुळ करतं, आपण डोळे वटारतो आणि घरी येऊन सांगतो, “याला संगीताची आवडच नाही हो!” लहानपणी बसलेला हा शिक्का सहजी पुसत नाही, बरं का! म्हणून आज त्यावरचा एक सोपा उपाय सांगते. तो म्हणजे गोष्ट.

मॉस्कोतल्या मुलांच्या नाट्यगृहाच्या संचालिका नतालिया सात्स यांना वाटलं, मुलांना वाद्यांची ओळख व्हावी. त्यांनी संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव यांना गळ घातली आणि ‘पीटर आणि लांडगा’ तयार झालं. २ मे १९३६ रोजी मॉस्कोत त्याचा पहिला प्रयोग झाला. निवेदक गोष्ट सांगतो आणि प्रत्येक पात्राला स्वतःचं वाद्य! चिमणं पाखरू म्हणजे बासरी, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरोनेट, कुरकुरे आजोबा म्हणजे खर्जातला बसून. लांडग्याची तीन फ्रेंच हॉर्न, शिकाऱ्यांच्या बंदुकांचे नगारे, आणि पीटरची सगळी तंतुवाद्यं. सारं मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतं.

यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे! आपले कीर्तनकारबुवा दुसरं काय करतात? कथा रंगात आली की पेटी, मृदंग, झांजा तिच्याबरोबर धावतात आणि मांडीवरचं पोरसुद्धा टक लावून ऐकतं. कथेचा धागा हाती असला की कान आपोआप उघडतात. ‘गप्प बस’ म्हणावं लागत नाही.

मुंबईला एनसीपीएमध्ये २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. पण लेकरं घेऊन मुंबई गाठणं सगळ्यांना कुठे जमतं? आपल्या संभाजीनगरात घरच्या घरीही हे करता येईल. मोबाइलवर या रचनेची ध्वनिमुद्रणं मिळतात. ते असं करा :

पहिल्या दिवशी गोष्ट सांगू नका. सुरुवातीला निवेदक एकेका पात्राचं वाद्य ऐकवतो, तेवढंच दोन-तीनदा लावा. क्लॅरोनेट मुलांनी वरातीच्या बँडमध्ये पाहिलेलं असतं. ओबोला आपल्या सनईसारखीच दोन पानांची पत्ती असते, हेही सांगा.

दुसऱ्या दिवशी डोळे मिटून ओळखायचा खेळ : “सांगा पाहू, कोण आलं?”

तिसऱ्या दिवशी गोष्ट तुम्ही तुमच्या मराठीत सांगा. निवेदन इंग्रजी असेल तर तेवढ्यापुरतं थांबवा, तुमचं बोलणं झालं की संगीत पुढे चालू. मांजर आलं की मूल मांजरासारखं चालू लागेल. चालू द्या! ते ऐकतंच आहे.

एक सांगते, लांडगा बदकाला गिळतो तिथे काही मुलं रडवेली होतात. म्हणून तो भाग गाळू नका. घाईघाईत लांडग्याने बदक जिवंतच गिळलेलं असतं आणि शेवटी त्याच्या पोटातून ओबो हळूच ऐकू येतो. भ्यालेलं मूल तो सूर ओळखून “बदक आहे, बदक आहे!” म्हणतं ना, तेव्हा समजा की त्याला ऐकता येऊ लागलं. हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, त्याच्या कानांनी शोधलेलं असतं.

मुलं जरा मोठी झाली की त्यांना दौलताबादला न्या. तो किल्ला म्हणजे जुनी देवगिरी. तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेव होते. त्यांच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात वाद्यांचे चार प्रकार दिले आहेत : तारांचं तत, फुंकायचं सुषिर, कातड्याने मढवलेलं अवनद्ध आणि टाळ-झांजांसारखं घन. ऑर्केस्ट्रातली वाद्यं मुलांना या चार घरांत बसवायला सांगा. व्हायोलिन कुठे, बासरी कुठे, नगारा कुठे? परदेशी वाटणारा तो ताफा बघता बघता ओळखीचा होईल.

खर्च काही नाही, वेळ रोजची पंधरा-वीस मिनिटं. स्वयंपाकघरात कुकर होईपर्यंतही चालेल. फक्त शेवटी “काय शिकलास?” असं विचारू नका. “तुला कोण आवडलं?” एवढंच विचारा आणि ते सांगेल ते नीट ऐका.