सूर्यमालेसाठी मैदान हवे, थर्माकोलचा तुकडा पुरणार नाही

२ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून 'आदित्य-एल१' झेपावले, तेव्हा एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानी पडत होता : सूर्याच्या इतक्या जवळ जाऊन हे यान जळणार कसे नाही? तो विचारणाऱ्यांत शाळकरी मुले होती, तशीच सुशिक्षित मोठी माणसेही होती. वास्तविक ६ जानेवारी २०२४ रोजी हे यान जिथे स्थिरावले, ती जागा पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर. म्हणजे यानाने सूर्याच्या वाटेचा जेमतेम शंभरावा हिस्सा कापला आहे. हे आकडे बातम्यांतही छापून आले होते. तरीही प्रश्न उरला, कारण आकडा वाचणे आणि अंतर उमगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या गैरसमजाचे मूळ लहानपणी पाहिलेल्या एका चित्रात आहे. पानाच्या डाव्या कडेला पिवळ्या सूर्याचा तुकडा आणि त्याच्या शेजारी ओळीने मांडलेले आठ रंगीत गोळे. यात चित्रकाराचा दोष नाही. त्या पानावर पृथ्वी एक सेंटिमीटरची काढली, तर सूर्य मीटरभराहून मोठा काढावा लागेल आणि तो जवळजवळ ११८ मीटर दूर ठेवावा लागेल. असे पान कोणताही छापखाना छापू शकत नाही. विज्ञान प्रदर्शनात मुले जी थर्माकोलची सूर्यमाला करून आणतात, ती याच चित्राची घडीव प्रत असते. कष्ट खरे, रंग सुंदर. पण त्यातून मुलांच्या मनात घर करते ती गजबजलेल्या, दाटीवाटीच्या सूर्यमालेची कल्पना.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक मुलाने शालेय वयात एकदा तरी खऱ्या प्रमाणातली सूर्यमाला स्वतःच्या पायांनी मोजावी. त्यासाठी निधी लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही. मोजपट्टी, एक चेंडू आणि स्वयंपाकघरातले चार दाणे पुरतात.

गणितही सोपे आहे, आणि आपल्या मोजणीला ते विलक्षण जुळते. शंभर लाखांचा एक कोटी होतो. शंभर सेंटिमीटरचा एक मीटर. तेव्हा एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर आणि एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर असे धरावे. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, म्हणून १४ सेंटिमीटरचा चेंडू किंवा एखादे पपनस घ्यावे. बुध ५.८ मीटरवर, शुक्र १०.८ मीटरवर, पृथ्वी १५ मीटरवर, मंगळ २२.८ मीटरवर. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची असते. सूर्य एका यष्टीपाशी ठेवला, तर पृथ्वी खेळपट्टीवरच राहते आणि मंगळ दुसऱ्या यष्टीच्या थोडा मागे जातो. गुरू ७८ मीटरवर म्हणजे मोठ्या मैदानाच्या सीमारेषेच्या आसपास, शनी १४३ मीटरवर, युरेनस २८७ मीटरवर आणि नेपच्यून ४५० मीटरवर. येथे शाळेचे आवार संपते आणि वर्गाला रस्त्यावर यावे लागते. यावेच.

आता आकार पाहा. पृथ्वी आणि शुक्र मोहरीच्या बारीक दाण्याएवढे, मंगळ खसखशीएवढा, बुध रव्याच्या कणाएवढा. गुरू म्हणजे खेळातली गोटी, शनी त्याहून किंचित लहान गोटी, युरेनस आणि नेपच्यून मिरीचे दाणे. आठही ग्रह एका मुठीत मावतात. पण ते जागच्या जागी मांडायला गाव अपुरे पडते. बाकी सारे रितेपण. हे रितेपण कोणत्याही चित्रात नसते, आणि सूर्यमालेचे पहिले सत्य तेच आहे.

या मांडणीत आपल्या देशाच्या मोहिमा ठेवून पाहाव्यात. मोहरीपासून चंद्र चार सेंटिमीटरहूनही कमी अंतरावर येतो. चांद्रयान-३ ने २३ ऑगस्ट २०२३ रोजी गाठलेले अंतर ते एवढे. आदित्य-एल१ मोहरीपासून १५ सेंटिमीटरवर, म्हणजे एका वितीच्या आत. मंगळयानाने मात्र वळणाची वाट धरली. पृथ्वीवरून निघून २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचेपर्यंत त्याने ६० कोटी किलोमीटरहून अधिक, म्हणजे या मैदानावर साठ मीटरहून अधिक प्रवास केला. आणि शुभांशू शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये ज्या अवकाश स्थानकात गेले, ते भूपृष्ठापासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. आपल्या मोहरीच्या सालीवर ते अंतर केसाच्या जाडीइतकेही भरत नाही.

यामुळे या मोहिमांचे मोल कमी होते काय? मला उलटे वाटते. ज्या मुलाने मोहरी आणि खसखस यांच्यामधली जागा स्वतः चालून पाहिली, त्यालाच मंगळाच्या कक्षेत यान अचूक नेऊन सोडणे म्हणजे काय, याची खरी कल्पना येते. अंतर ठाऊक नसलेला अभिमान घोषणेपुरता टिकतो. अंतर ठाऊक असलेला अभिमान मुलाला पुढचा प्रश्न विचारायला लावतो.

कोणी म्हणेल, आज पडद्यावर उत्तम चलचित्रे उपलब्ध असताना मुलांना उन्हात कशाला हिंडवायचे? पण पडद्यावरचा कॅमेरा बुधापासून नेपच्यूनपर्यंत मिनिटभरात पोहोचतो, आणि प्रकाशाला तेच अंतर कापायला चार तासांहून अधिक वेळ लागतो. आपल्या मैदानावर प्रकाशाचा वेग सेकंदाला फक्त तीन सेंटिमीटर येतो. एखाद्या मुलाला त्या चालीने सूर्यापासून पृथ्वीपर्यंत सरकायला सांगावे. पंधरा मीटर जायला त्याला आठ मिनिटे वीस सेकंद लागतील. बाकीची मुले कंटाळतील, हसतील, घाई करतील. तो कंटाळा हाच धडा आहे. चलचित्र नेमका तोच कापून टाकते.

एक पथ्य पाळावे. सगळे ग्रह एका ओळीत मांडू नयेत, निरनिराळ्या दिशांना मांडावेत. २०२५ च्या आरंभी 'ग्रहांची परेड' देशभर गाजली आणि नेहमीप्रमाणे तिच्या शुभाशुभ फलांचीही चर्चा झाली. ग्रह आकाशात एका पट्ट्यात दिसतात, कारण त्यांच्या कक्षा जवळपास एकाच पातळीत आहेत. मोहरीच्या जागी उभे राहून दूरवरची गोटी आणि मिरी शोधणाऱ्या मुलाला हे सांगावे लागणार नाही. त्या मिरीच्या दाण्याने आपल्या परीक्षेचा निकाल बदलेल, असेही त्याला कोणी सहज पटवू शकणार नाही.

शेवटी मुले विचारतीलच : यापुढे काय? १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ आज या प्रमाणात सुमारे अडीच किलोमीटरवर आहे. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? तो सुमारे ४,००० किलोमीटरवर येतो. आपला चेंडू कन्याकुमारीला ठेवला, तर काश्मीर ओलांडूनही त्या ताऱ्यापर्यंत पोहोचता येणार नाही.

२३ ऑगस्ट हा आता राष्ट्रीय अवकाश दिन आहे. त्या दिवशी शाळाशाळांतून भाषणे होतात, प्रश्नमंजुषा होतात, पुठ्ठ्याची अग्निबाणे उभी राहतात. ते सारे होऊ द्यावे. पण त्यातला एक तास मोजपट्टीसाठी राखून ठेवावा. शिक्षकांनी, पालकांनी, गल्लीतल्या थोरल्या ताई-दादांनी ही मांडणी करून पाहावी. शाळेला मैदान नसेल तर रस्ता चालेल, नदीकाठ चालेल, शेताचा बांध चालेल. तळहातावरच्या त्या मोहरीकडे पाहत एखादे मूल क्षणभर गप्प झाले, तर तो तास सार्थकी लागला असे समजावे.