प्रकाश वाढवण्याआधी कंडेन्सर

दापोली तालुक्यातल्या केळशीला भारजा नदी समुद्राला मिळते, तिथे वाळूची मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी तिच्या थरांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि ही वाळू त्सुनामीने आणली असावी, असे मांडले. १५२४ साली दाभोळजवळच्या समुद्रात वास्को द गामाच्या ताफ्याला हादरे बसल्याची नोंद पोर्तुगीजांनी ठेवली आहे. पुढे सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनीही केळशीचे थर त्या घटनेशी जोडले.

वाळू लाटेने टाकली की वाऱ्याने उडवली? असा वाद अखेर दाण्यापाशी येऊन ठेपतो, आणि दाण्याचे खरेखोटे सूक्ष्मदर्शकाच्या जुळणीवर अवलंबून असते.

६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतलेला नमुना आधी स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली जातो. इथे दोन डोळ्यांना दोन वेगळे प्रकाशमार्ग मिळतात, म्हणून दाण्याला उठाव येतो. वाऱ्यात घासलेल्या क्वार्ट्‌झचा पृष्ठभाग घासलेल्या काचेसारखा मंद दिसतो. पण वरून गोल दिवा लावला की हा मंदपणा पुसला जातो. दिवा एका बाजूने, अगदी कमी उंचीवरून तिरका धरावा. फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म समुद्री जीवांची कवचे दिसली म्हणून लगेच समुद्र घोषित करू नये, हलकी कवचे वारासुद्धा वाहून नेतो. ती झिजलेली आहेत का, तुटली आहेत का आणि खोल पाण्यातल्या जातींची आहेत का, हे पाहावे. (आणि वाळू स्वच्छ करायला आम्ल वापरू नये, कवचेच विरघळतात.)

संयुक्त सूक्ष्मदर्शकाकडे वळले की सगळ्यांचे लक्ष वस्तुभिंगावरच्या ‘४०’ पट या आकड्याकडे जाते. त्याच वस्तुभिंगावर कोरलेला ०.६५ हा आकडा जास्त महत्त्वाचा. हे न्युमरिकल अपर्चर, म्हणजे वस्तुभिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेते त्याचे माप. त्यावरून सुमारे अर्ध्या मायक्रॉनपर्यंतचा तपशील वेगळा दिसू शकतो. १० पट वस्तुभिंगाला, ०.२५ अपर्चरला, ही मर्यादा सुमारे १.३ मायक्रॉन असते. नेत्रभिंग कितीही जोरदार बसवले तरी हा तपशील वाढत नाही, चित्र फक्त मोठे आणि पुसट होते.

नमुन्यावर प्रकाश एकवटणारा कंडेन्सर तळाशी सरकलेला किंवा त्याचा पडदा फार मिटलेला असेल, तर ०.६५ कागदावरच राहते. तरीही आधी प्रकाश वाढवण्याची सवय प्रयोगशाळांत दिसते. ऑगस्ट कोलरने १८९३ साली सांगितलेली जुळणी दोन मिनिटांत होते: दिव्याजवळचा पडदा मिटवायचा, कंडेन्सर वरखाली करून त्या पडद्याची कड रेखीव करायची, मध्यावर आणायची, मग पडदा दृष्टिक्षेत्राच्या कडेबाहेर उघडायचा. त्यानंतर नेत्रभिंग काढून नळीत डोकावायचे आणि कंडेन्सरचा पडदा इतका मिटवायचा की वस्तुभिंगाच्या उजळ वर्तुळाचा सुमारे तीन चतुर्थांश व्यास उरेल.

वस्तुभिंग बदलले की ही शेवटची पायरी पुन्हा करावी लागते.